नाकेदाराच्या नावाची सरी

बोलायला सुरुवात करण्याआधी ते जमिनीवर एक रेघ ओढत. हातात छडी असली तर छडीने, नसली तर बुटाच्या टोकाने. रेघ ओढून झाली की समोरच्याकडे बघत आणि म्हणत, "आधी कोन्त्या अंगाले उभा आहेस थे सांग. मंग बोल."

समोरचा बिचारा कुठून तरी उन्हातून चालत आलेला असे. तो रेघेकडे बघे, मग स्वतःच्या पायांकडे, आणि पुष्कळदा एक पाऊल मागे सरके. एखादा धीट असला तर विचारी, "कोन्तं अंग बरं राह्यन, भाऊ?" त्यावर ते हसत नसत. "बरं-वाईट काई नसते. आपल्याले मालूम असलं म्हंजे झालं."

असा माणूस तुम्हीही कुठे तरी पाहिला असेल. कचेरीत, शाळेत, तिकिटाच्या खिडकीमागे. आपण त्याला नियमावर बोट ठेवणारा म्हणतो आणि मित्रांत बसलो की त्याची नक्कल करतो. मीही करत असे. ती मला फार चांगली जमायची, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

ते आमच्या नाक्याचे प्रमुख. हुद्दा पोलिसातला, पण लोक नुसतं नाकेदार म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. नाका प्राणहितेच्या काठावर. चांदा जिल्हा, म्हणजे आताचं चंद्रपूर, तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि आमचं सरकार नागपुरात बसे. नदीपलीकडे हैदराबाद राज्य. देश एकच, पण त्या काळात पलीकडच्या डोंगरांत बंदूकवाल्या टोळ्या फिरत होत्या आणि त्यांतली माणसं नदी उतरून आमच्या जंगलात लपायला येत. म्हणून हुकूम होता की पलीकडून येणाऱ्याजवळ त्याच्या गावच्या पटेलाची चिठ्ठी पाहिजे. चिठ्ठी असली तर आत. नसली तर तो बेकायदा आलेला. त्याची चौकशी करायची, आणि असे किती आले त्याचा आकडा रोज जिल्ह्याला कळवायचा. जिल्ह्याचा आकडा पुढे नागपूरला जाई. राज्यपालांच्या कचेरीत म्हणे सरहद्दीचा मोठा नकाशा लावला होता आणि त्यात आमच्या नदीवर नाक्यागणिक एक टाचणी टोचलेली होती. जिथे आकडा जास्त, तिथे तांबडी टाचणी.

नाकेदार आरमोरीचे. घरी धानाची शेती. उंच, वाळकुडे, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. जेवताना ते भाताला गोल पाळ घालत आणि वरण एका अंगाला अडवून ठेवत, धानाच्या बांधीत पाणी अडवतात तसं. मग हळूच पाळ फोडून लागेल तेवढंच वरण आत घेत. आमचा एक शिपाई होता, त्याची कोंबडी घाटावरच्या नावाड्याच्या झोपडीत जाऊन अंडी घालायची. भांडण झालं, प्रकरण नाकेदारांसमोर आलं. दुसरा कुणी असता तर दोघांना हाकलून देता. हे स्वतः उठून झोपडीत गेले, जागा पाहिली, दारात रेघ ओढली. निकाल असा झाला की कोंबडी शिपायाची आणि अंडी नावाड्याची. शिपायाला अंडी हवी असतील तर त्याने कोंबडीला घरी करमेल असं काही तरी करावं. शिपाई बरेच दिवस त्या कोंबडीला पल्याडची म्हणत असे.

आम्ही हसायचो. पण त्यांच्या त्या रेघेमागे एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकदाच सांगितली. आधी ते नदीच्या खालच्या अंगाला दुसऱ्या नाक्यावर होते. तिथल्या प्रमुखाने एका संध्याकाळी ओळखीची माणसं बघून सगळा डोंगा, भरलेली नावच, न विचारता सोडून दिला. आपलेच आहेत, असं तो म्हणाला. त्या डोंग्यातून ओळखीच्या माणसांबरोबर इतरही उतरले. दोन दिवसांनी आतल्या एका गावात पाटलाचं घर पेटलं. पाटील घरातच होता. एवढं सांगून त्यांनी छडी उचलली. मग म्हणाले, "आपलाच आहे म्हनाले काई लागत नाई. तोंडच लागते."

त्या दिवसापासून ते सगळ्यांना विचारत. भटजीला, वैद्याला, लग्नाच्या वऱ्हाडाला, स्वतःच्या साडूला.

आता नदीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. प्राणहितेचं पात्र फार रुंद. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहते, पण दिवाळीनंतर पाणी उतरलं की पात्रात वाळूच वाळू, आणि तिच्यातून एकच खोल धार वाहत राहते. दोन राज्यांची हद्द कागदावर त्या धारेच्या मधोमध होती. कागद करणाऱ्यांनी धार एका जागी राहते असं धरलं असावं. काठावरचं पोरही त्यांना सांगू शकलं असतं की ती तशी राहत नाही.

आमच्या काठाला ढिवरांची वस्ती होती. ही माणसं पावसाळ्यात मासे धरत आणि हिवाळ्यापासून पात्रातल्या वाळूवर डांगरवाडी लावत. वाळूत खड्डे करून शेणखत भरायचं, त्यात टरबूज, काकडी, डांगर लावायचं, बाजूला पाण्याचा झिरा खणून रोज वेलांना पाणी घालायचं. पाणी दोन दिवस चुकलं तर वाळू वेल भाजून टाकते. म्हणून घरातलं कुणी ना कुणी वाळूवर झोपडी घालून राहतं आणि बाकीचे ये-जा करतात.

नाक्यासमोरची वाळू भागरथाबाईच्या घराची होती. तिच्या सासऱ्याने लावली, नवऱ्याने लावली, नवरा गेल्यावर ती, तिचा मुलगा पैकू आणि सून लावत. वाडी म्हणजे त्यांचं वर्ष. टरबुजांवर घरचा तांदूळ, मीठ, कपडा, सगळं.

मी नाक्यावर आलो त्या वर्षीच्या पुरानंतर पाणी उतरलं तेव्हा धार भागरथाबाईच्या वाळूच्या पलीकडे नव्हती. अलीकडे होती. वाळू होती तिथेच, झाऊची झुडपं होती तिथेच, पण तिच्या आणि आमच्या काठाच्या मधे खोल पाणी आलं होतं. कागदाप्रमाणे वाळू हैदराबादेत गेली.

ढिवरांनी याकडे लक्षही दिलं नाही. डोंगा होता. ते पलीकडे गेले, वाडी लावली, आणि संध्याकाळी भागरथाबाई डोंग्यातून उतरून घरी निघाली. नाकेदार घाटावर उभे होते. त्यांनी रेघ ओढली.

चिठ्ठी आहे का, त्यांनी विचारलं.

तिला आधी वाटलं की हे थट्टा करताहेत. मग त्यांचं तोंड बघून तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. "माह्या घरी जाले मले चिठ्ठी काऊन लागते गा?"

"घर अल्याड आहे, बाई. तू पल्याडून येऊन राह्यलीस."

"मी नाई गेली पल्याड," ती म्हणाली. "मी थ्याच वाळूवर होती. नदी आली मंधात. तिले पुस चिठ्ठी."

घाटावरचे सगळे हसले. नाकेदार हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी तिला घरी जाऊ दिलं, आणि त्या दिवसाच्या आकड्यात तिला धरलं. दुसऱ्या दिवशी तिला, पैकूला आणि सुनेला. तिसऱ्या दिवशीही. चिठ्ठी त्यांना मिळणार कुठून? पलीकडचा पटेल म्हणे, ही माझ्या गावची नाहीत. आमच्या गावचा पाटील म्हणे, मी इथून जाणाऱ्याला चिठ्ठी देईन, इथे येणाऱ्याला कशी देऊ? आणि चिठ्ठी द्यायचा अधिकार नाक्याला नव्हता.

मी त्यांना सुचवलं की या घराला आकड्यात धरू नये. कुणाला कळणार होतं? त्यांनी चष्म्याची सुतळी सारखी केली. मग म्हणाले, "आज मी म्हातारीले सोडलं. उद्या कोनाले सोडाचं थे कोन ठरवन? मीच ना? मले माह्यावर येवढा भरोसा नाई, बापू."

मला वाटलं हा हट्ट आहे. तरुण होतो, आणि मनाला येईल त्याला सोडण्यात मला मोठेपणा वाटत होता.

असा हिवाळा गेला. रोज संध्याकाळी आमच्या घाटावर ढिवरांचं एक घर आपल्या घरी परतत होतं, आणि रोज आमच्याकडून जिल्ह्याला कळत होतं की इतके लोक बेकायदा सरहद्द ओलांडून आले. बाकीचे नाके शून्य कळवत. दोन महिन्यांत आमचा नाका अख्ख्या नदीवर पहिला आला. नकाशावर आमची टाचणी तांबडी झाली असणार, कारण एके दिवशी जिल्ह्याचे साहेब जीपमधून धूळ उडवत आले आणि म्हणाले की चैत्रात राज्यपाल सरहद्दीचा दौरा करताहेत आणि त्यांनी स्वतः हाच नाका निवडला आहे. घुसखोरी सगळ्यात जास्त जिथे आहे ती जागा त्यांना बघायची आहे.

नाकेदारांनी साहेबांना घाटावर नेलं आणि घुसखोर दाखवले. ते तिघंही वाकून वेलांना पाणी घालत होते.

साहेब कपाळाला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी हुकूम दिला की वाळू खाली करा. नाकेदार म्हणाले की वाळू हैदराबादची आहे, तिथून माणसं उठवायचा मला अधिकार नाही. साहेबांचा आवाज चढला. मग नोंद बंद करा, ते म्हणाले. तसं लेखी द्यावं, नाकेदार म्हणाले. लेखी द्यायला साहेब तयार नव्हते. शेवटी ते म्हणाले, राज्यपाल येऊन जाईपर्यंत त्या तिघांतलं एकही या काठावर दिसता कामा नये. आकडा वाढला तर तुमच्या नोकरीचं काय करायचं ते मी बघतो. जीप गेली.

हा हुकूम मात्र नाकेदारांच्या हद्दीतला होता. या काठावर कुणाला येऊ द्यायचं नाही, एवढंच. ते त्याच संध्याकाळी घाटावर जाऊन उभे राहिले आणि भागरथाबाईला समजावून सांगितलं. घरी यायचं असेल तर राज्यपाल जाईपर्यंत पुन्हा वाळूवर जाता येणार नाही. वाळूवर राहायचं असेल तर घरी येता येणार नाही.

टरबुजं तेव्हा नारळाएवढी झाली होती. घरी राहिलं तर वेल जळणार, वर्ष जाणार. वाळूवर राहिलं तर घरातला तांदूळ घरातच. वस्तीतलं दुसरं कुणी पोचवून देईल म्हणावं, तर तोही परत येताना आकड्यात धरला जाणार, आणि जीपमधल्या साहेबाला सगळी वस्तीच भ्याली होती.

भागरथाबाईने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. "मंग आमी वाळूवरच राह्तो. आन् खातो काय? वाळू?"

डोंगा परत गेला. नाकेदार घाटावर छडी टेकून उभे होते, आणि त्या दिवशी त्यांनी रेघ ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भागरथाबाईच्या घरी गेले, शेजारणीकडून कुलूप उघडून घेतलं, तांदूळ, मीठ, मिरच्या एका फडक्यात बांधल्या. नावाड्याचा डोंगा मागितला. शिपाई म्हणाला, मी जातो. ते म्हणाले, "तुले काऊन घुसखोर करू?" मी म्हटलं, धारेच्या मधे डोंगा थांबवून पैकूच्या डोंग्यात गाठोडं द्यावं, म्हणजे कुणीच पलीकडे गेलं नाही असं होईल. ही कल्पना त्यांना खरोखर आवडली. त्यांनी घाटावर बसून धारेकडे बघत तिचा विचार केला. मग म्हणाले, मधे धार थांबू देत नाही. डोंगा तिकडे वाहत गेला तर गेला, आणि मी इकडेच होतो असं मला खात्रीने म्हणता येणार नाही.

ते गेले. वाळूवर उतरताना मी त्यांना या काठावरून पाहिलं. खाकी अर्धी पँट, डोक्यावर गाठोडं, एका हातात बूट. म्हातारीने काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. पैकूने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "या नाकेदार भाऊ. आता तुमी बी आमच्यातले."

ते परत आले, पाय पुसले, टेबलाशी बसले आणि मला म्हणाले, "लिव."

मी विचारलं, कुणाचं?

"माह्यं. पल्याडून आलो. चिठ्ठी नाई."

मी हसलो. ते थांबून राहिले. मी लिहिलं. त्या दिवशी जिल्ह्याला आकडा गेला: एक.

तेव्हापासून ते रोज सकाळी पलीकडे जात आणि रोज परत येऊन स्वतःला धरत. रोज एक. जिल्ह्याहून निरोप आला की हा एक कोण आहे. नाकेदारांनी खरं ते कळवलं. त्यावर काहीच उत्तर आलं नाही, आणि मला वाटतं तीच जास्त भिण्यासारखी गोष्ट होती. मी त्यांना म्हटलं की तुमच्या घरी बायको आहे, पोरी आहेत, नोकरी जाईल. ते म्हणाले, ते त्यांनाही सुचलं होतं.

वाळूवर ते नुसतं गाठोडं ठेवून येत नसत. झिऱ्यातून पाणी काढायला हात लावत. एके दिवशी मी घाटावरून पाहिलं तर ते रॉकेलचा डबा घेऊन वेलांना पाणी घालत होते, आणि भागरथाबाई त्यांच्या मागून चालत त्यांना बोलत होती. पाणी वेलावर टाकू नका, मुळाशी टाका, असं काही तरी असावं. ढिवरांच्या वाड्यांवर एक चाल आहे. वेलांच्या ओळीला ते सरी म्हणतात, आणि अडचणीच्या दिवसात जो वाडीला खाऊ-पाणी पोचवतो त्याच्या नावाची एक सरी ठेवतात. तिच्यातलं फळ घरचं कुणी तोडत नाही. झाऊच्या झुडपालगतची सरी तिने नाकेदारांच्या नावाची केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की फळ मी खाणार नाही, माल पल्याडचा आहे.

राज्यपाल आले तो दिवस फार उन्हाचा होता. घाटावर जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता, विश्रामगृहातून आणलेल्या खुर्च्या होत्या. साहेब सकाळपासून घाम पुसत होते. राज्यपाल वयस्कर, काठी घेऊन चालणारे, हळू बोलणारे. ते हिंदीत विचारत आणि नाकेदार आपल्या आरमोरीच्या हिंदीत उत्तर देत. मी इथे दोघांचंही बोलणं मराठीत देतो.

या महिन्यात किती माणसं बेकायदा आली, त्यांनी विचारलं.

"एकच माणूस, साहेब. पण रोज."

"रोज? मग पकडला नाही?"

"पकडला, साहेब. रोज."

साहेब खोकले. राज्यपालांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "कुठे आहे तो?"

"आपल्यासमोर उभा आहे."

मग नाकेदारांनी सगळं सांगितलं. पूर, धार, वाळू, म्हातारी, तांदूळ. साहेबांचा हुकूमही सांगितला, आणि तो आपल्याला मान्य होता असंही सांगितलं. कुणावर ढकललं नाही, स्वतःचं कौतुकही केलं नाही. पंचनामा वाचावा तसं. राज्यपाल काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

"तुम्हाला दुसरा मार्ग नव्हता?"

"होते, साहेब. एक न जाण्याचा होता. एक न लिहिण्याचा होता."

मला त्या वेळी खाली बघावंसं वाटलं. दुसरा मार्ग मीच सुचवला होता.

राज्यपाल उठले आणि पाण्यापर्यंत चालत गेले. चैत्रात धार अरुंद होते, हाक पलीकडे पोचते. पलीकडे भागरथाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. एवढी माणसं, पांढरे कपडे, पट्टेवाले बघून ती घाबरली नाही. तिने हाक मारून काही विचारलं आणि राज्यपालांनी नाकेदारांना विचारलं की ती काय म्हणते.

साहेब पुढे झाले आणि म्हणाले की आपल्याला नमस्कार करते आहे. राज्यपाल नाकेदारांकडेच बघत राहिले.

नाकेदार म्हणाले, "विचारते आहे, साहेब, की मोठे साहेब इकडे येणार असतील तर चिठ्ठी आणली आहे का."

आधी कुणीच हसलं नाही. मग राज्यपाल हसले, आणि नंतर सगळे. हसता हसता ते गंभीर झाले आणि बराच वेळ वाळूकडे बघत राहिले. तिथे त्यांनी काही हुकूम दिला नाही. तहसिलीच्या गावी त्यांचं भाषण झालं. त्यात ते म्हणाले की या नदीवर असा एक नाका आहे जिथे खुद्द नाकेदारही नोंदीवाचून आत येऊ शकत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती स्तुती होती की थट्टा, हे आम्हाला कळलं नाही. साहेबांना बहुधा कळलं असावं.

थोड्या दिवसांनी टपालाच्या एकाच थैलीतून दोन कागद आले. एक होता की वाळूवर वाडी करणाऱ्या घरांना नाक्याने स्वतःच्या सहीची चिठ्ठी द्यावी. दुसरा नाकेदारांच्या बदलीचा. माजरीच्या कोळसा खाणींकडचं एक लहानसं ठाणं.

त्यांनी पहिल्या कागदाचं काम आधी केलं. तिघांच्या चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. नाक्यावरची त्यांची ती शेवटची सही.

ते निघाले त्या दिवशी भागरथाबाई डोंग्यातून उतरली. एका हातात चिठ्ठी, कडेवर टरबूज, त्यांच्या सरीतलं पहिलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, वाचली, स्वतःचीच सही निरखून पाहिली, परत दिली. बरोबर आहे, म्हणाले. तिने टरबूज पुढे केलं.

"चिठ्ठी तुह्यासाठी आहे, बाई. टरबुजासाठी नाई."

"भल्ले बयाड आहात तुमी, येडेच," ती म्हणाली.

"धार पलटू दे," ते म्हणाले. "मंग खाईन."

गाडीवान हसला, मी हसलो. ती हसली नाही. तिला ते पटलं असावं. टरबूज तिने पुन्हा कडेवर घेतलं आणि बैलगाडी जंगलाच्या वाटेला लागेपर्यंत ती घाटावर उभी राहिली. जाताना त्यांनी गाडीतून छडी खाली धरली होती. धुळीत एक रेघ उमटत गेली, ती मुद्दाम की नकळत, कोण जाणे.

त्या पावसाळ्यात पूर मोठा आला. पाणी उतरलं तेव्हा धार परत आपल्या जुन्या जागी, पलीकडच्या काठाला गेलेली होती. वाळू पुन्हा आमची. भागरथाबाईला आता चिठ्ठी लागत नव्हती, तरी तिने ती टाकून दिली नाही. झोपडीच्या आड्याला खोचून ठेवली होती. पौषात वाडी लागली, आणि झाऊच्या झुडपाजवळची सरी तिने पुन्हा त्यांच्या नावाने लावली. मला म्हणाली की त्यांना कळवा, धार पलटली. मी पोस्टकार्ड टाकलं. ते त्यांना पोचलं की नाही, हे मी अजूनही कधी कधी स्वतःला विचारतो. उत्तर आलं नाही.

चैत्रात खाणीकडून बदलून आलेल्या एका शिपायाने सांगितलं की ते फाल्गुनातच गेले. ताप होता. ठाण्याच्या मागच्या खोलीत आठवडाभर पडून होते, आणि तापात येणाऱ्या-जाणाऱ्याला चिठ्ठी विचारत होते.

मी वाळूवर गेलो. भागरथाबाई झिऱ्यातून पाणी काढत होती. मी सांगितलं. तिने डबा खाली ठेवला.

"कुठी?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"थ्या गावाले नदी आहे का?"

मी म्हटलं आहे, वर्धा नदी जवळच आहे. तिने मान हलवली. मग झाऊच्या झुडपाकडे गेली आणि त्यांच्या सरीतली टरबुजं तोडू लागली. लहान-मोठी, पिकलेली, अर्धी पिकलेली, सगळी. मी अडवायला गेलो तर पैकूने मला थांबवलं. ज्याची सरी, तो माणूस गेला की सरी वाटेची होते, येईल-जाईल त्याने खायची, तो म्हणाला.

पैकूने आणि सुनेने टरबुजं उचलून डोंग्याच्या वाटेवर आणली. म्हातारीने लुगड्याचं जुनं फडकं पसरलं, त्यावर ती मांडली आणि पहिलं विळ्याने चिरलं. आत तांबडं लाल होतं.

थोड्या वेळाने पलीकडून एक डोंगा लागला आणि वाटेने एक माणूस आला. अंगावर धूळ, पाय पोटऱ्यांपर्यंत ओले. नाक्याचा कारकून म्हणून तो मला ओळखत असावा, कारण मी दिसताच त्याने मुंडाशातून पटेलाची चिठ्ठी काढली आणि उघड्या तळहातावर धरून माझ्यापुढे केली. मी ती घ्यायला हात पुढे केला.

भागरथाबाई मधे आली. तिने त्याच्या त्याच तळहातावर, चिठ्ठीवरच, टरबुजाची मोठी फोड ठेवली.

"आधी खा गा," ती म्हणाली. "मंग दाखवजो."